वणीत पाहण्यासारखे काय आहे?

वणीचा माणूस परगावी गेला की त्याला आधी एक खुलासा करावा लागतो. "आम्ही वणीचे" असे म्हणताच समोरच्याचे हात आपोआप जोडले जातात. "वा! म्हणजे सप्तशृंगीच्या पायथ्याशी राहता की! भाग्यवान आहात!" मग आपण घसा साफ करून सांगायचे की नाशिकची वणी निराळी, आमची वणी निराळी; आमची यवतमाळ जिल्ह्यात, वर्धा नदीच्या अलीकडे, चंद्रपूरच्या शेजारी. जोडलेले हात हळूहळू सुटतात. पुण्याला एका लग्नात शेजारच्या पाटावरील गृहस्थांनी मी वणीचा म्हणून आग्रह करकरून मला दोन जिलब्या जास्तीच्या वाढवल्या. माझा खुलासा झाल्यावर मठ्ठा मात्र मला स्वतःच मागून घ्यावा लागला.

गावालाही नशीब असते. काही गावे एखाद्या देवीच्या, एखाद्या किल्ल्याच्या किंवा एखाद्या मिठाईच्या जोरावर जन्मभर ओळखली जातात. आमच्या गावाला एकदा मोठे नाव मिळाले होते, पण ते टिकले नाही. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६४ साली त्याचा आग्नेयेकडचा मुलूख तोडून इंग्रजांनी एक वेगळा जिल्हा केला आणि पुढे त्या जिल्ह्याला नाव दिले ते आमच्या गावाचे. त्यांच्या तोंडात 'वणी' काही बसेना, म्हणून कागदोपत्री 'वून' झाले. वैशाखात आमच्याकडे आलेल्या माणसाने ते 'ऊन' असे वाचले, तरी त्याला कोणी चुकीचे म्हणणार नाही.

परंतु गंमत पाहा, जिल्हा वणी आणि कचेरी यवतमाळला! पाटी आमची, खुर्ची त्यांची. असा संसार किती दिवस चालणार? १९०५ साली वऱ्हाडातील जिल्ह्यांची नव्याने मांडणी झाली, पुसद तालुका इकडे जोडला गेला आणि जिल्ह्याने यवतमाळ हेच नाव घेतले. तेव्हापासून वणी तालुक्याचे गाव. आमच्या लहानपणी ओट्यावर बसून सुपारी कातरणारे म्हातारे ही गोष्ट अशा सुरात सांगत, की जणू घरातली एखादी जहागीर शेजाऱ्याने काल रात्री लाटली आहे. एवढे खरे, की गेलेल्या मोठेपणाची चव वणीकर अजून विसरलेला नाही.

त्याआधीचा इतिहासही असाच हातातून हातात गेलेला आहे. चांद्याच्या गोंड राजांचा अंमल या मुलखावर होता. १७५१ साली चांदा नागपूरकर भोसल्यांनी घेतला. १८०३ साली देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडचा मुलूख दुसऱ्या रघूजी भोसल्यांना सोडावा लागला. तो निजामाकडे गेला. नदीच्या या तीरावर एक राज्य, त्या तीरावर दुसरे. सोयरीक मात्र दोन्ही तीरांवर! लेक द्यायची पलीकडे, सून आणायची पलीकडून. राजांनी नदीला सीमा मानले, लोकांनी तिला केवळ उतार मानले. दक्षिणेकडे पैनगंगा ओलांडली की तेलुगू मुलूख लागतो. त्यामुळे आमच्या बाजारात मराठी, गोंडी, कोलामी, तेलुगू आणि हिंदी या पाचही भाषांत भाव करता येतो, आणि पाचही भाषांत तो न पटता परतताही येते.

हे सगळे आज लिहायला बसलो, त्याला निमित्त झाले ते माझ्या मुलीचे. ती कामानिमित्त स्पेन देशात गेली आहे. तिथल्या दक्षिण भागात रोंडा नावाचे एक डोंगरावरचे गाव आहे. सुटीत ती ते पाहून आली आणि तिने मला फोनवर चित्रे पाठवली. खडकाच्या अगदी कडेवर पांढरी घरे, मधोमध खोल दरी आणि दरीवर दगडी पूल. पूल ९८ मीटर उंच. १७९३ साली पुरा झालेला. आधी अरबांचे राज्य, मग ख्रिस्ती राजांचे; दोघांच्याही खुणा जिथल्या तिथे. शेवटी तिने लिहिले होते, "बाबा, इथली माणसे आपले गाव किती कौतुकाने दाखवतात! माझ्यासोबतच्या मैत्रिणीने विचारले, तुझ्या गावात पाहण्यासारखे काय आहे? मी म्हटले, बाबांना विचारून सांगते."

आता आली का पंचाईत! दरी नाही, किल्ला नाही, ज्याच्यावर उभे राहून छायाचित्र काढावे असा पूल नाही. निर्गुडा नदी गावाजवळून वाहते. निर्गुडीच्या झुडपाची आठवण करून देणारे तिचे नाव मोठे गोड आहे, पण पावसाळा सोडला तर ती कोणाच्या नजरेत भरेल अशी नाही. जैताईचे देऊळ आहे, नवरात्रात तिथे पाय ठेवायला जागा नसते. रंगनाथस्वामींचे देऊळ आहे. कायरला गरम पाण्याचे झरे आहेत. वर्धा आणि पैनगंगा यांच्या संगमाजवळ अलीकडे जुगादचे जुने दगडी शिवालय आणि पलीकडे वढा. तिथे कार्तिकात मोठी यात्रा भरते. यादी केली तर एवढीच होईल, आणि या यादीवर विमानाचे तिकीट काढून कोणी येणार नाही.

पण मी विचार करू लागलो तेव्हा वाटले, आमच्या गावाचा खरा वारसा उभा नाही, तो आडवा आहे. तो वर पाहून दिसायचा नाही, खाली पाहायला हवे.

महाराष्ट्राचा बहुतेक देह काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर पसरले, त्याचा हा कातळ झाला, आणि त्याच्या झिजेतून कपाशीची काळी माती झाली. पण हे कातळाचे पांघरूण पूर्वेकडे वणीच्या आसपास विरत जाते, आणि त्याच्या फाटक्या काठातून खालचे जुने अंथरूण दिसू लागते. कुठे कोळशाचे थर; २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतल्या जंगलांचे ते अवशेष. कुठे राजूरकडचा चुनखडक. तो कोळशाहूनही कितीतरी जुना, पृथ्वीवर झाडे उगवण्याच्याही आधीचा. राजूरच्या भट्ट्यांतला चुना कितीतरी घरांच्या भिंतींना लागला. दिवाळीच्या आधी त्या चुन्याचे डबे घरोघर भिजायचे, आणि त्यातून वाफ निघू लागली की आम्ही मुले भोवती कोंडाळे करून बसायचो. झाडांच्याही आधीच्या काळातली ती वाफ आहे, हे तेव्हा कोणाला ठाऊक!

२०२१ साली वणीच्या दक्षिणेकडे शिबला-पार्डीच्या भागात रस्त्याचे काम चालू असताना जमिनीतून दगडी खांब निघाले. एकाला एक चिकटलेले, कोन पाडून घडवल्यासारखे. पाहणाऱ्याला वाटावे, कोण्या राजाचा बुडालेला वाडाच सापडला. चंद्रपूरचे अभ्यासक सुरेश चोपणे यांनी सांगितले की हे गवंड्याचे काम नव्हे, निसर्गाचे आहे. लाव्हारस थंड होताना आकसतो, त्याला भेगा पडतात आणि असे षटकोनी खांब तयार होतात. वाडा नाही म्हणून काहींची निराशा झाली. मला मात्र वाटले, राजाचा वाडा तीनशे-चारशे वर्षांचा निघाला असता. हा तर कोटींच्या घरातला.

आणि आणखी एक. ज्या काळी हे कोळशाचे थर साचले, त्या काळी आपला देश आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण ध्रुवाकडची भूमी यांना चिकटलेला होता. त्या एकत्र खंडाला सगळ्या जगातले भूशास्त्रज्ञ गोंडवन म्हणतात. एकोणिसाव्या शतकात एदुआर्द झ्यूस नावाच्या ऑस्ट्रियन पंडिताने हे नाव जगभर नेले. नाव कोणाचे? आमच्या बाजारात मोहफुले आणि चारोळी घेऊन येणाऱ्या गोंडांचे! ज्यांच्याजवळ सातबाऱ्यावर दोन एकरही धड नाहीत, त्यांच्या नावाने अर्धी पृथ्वी नोंदली गेली आहे. याच टापूतल्या टेकड्यांच्या पोटाशी कोलामांची पोडे आहेत. पाचपंचवीस घरांची वस्ती, तिला त्यांच्याकडे पोड म्हणतात. कोलामी ही द्राविड कुळातली भाषा. ती बोलणारी म्हातारी माणसे झाडांची जी नावे सांगतात, ती कोणत्याही कचेरीच्या दप्तरात सापडणार नाहीत. रोंडाच्या लोकांनी आपल्या भिंती सांभाळल्या. ही नावे कोण सांभाळणार, हा विचार मनात आला की मला स्वस्थ बसवत नाही.

माणसांचेही बोलायला हवे. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० साली वणीचा. वकिली त्यांनी यवतमाळला केली, आणि राजकारण साऱ्या देशात केले. १९३० साली देशभर मिठाचा सत्याग्रह चालला होता. पण वऱ्हाडात समुद्र कुठला? बापूजींनी तोड काढली. समुद्र नाही, पण जंगल आहे ना! १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ त्यांनी सरकारी जंगलातले गवत कापले आणि तुरुंग पत्करला. आपल्या मातीत जे आहे त्यानेच लढावे, हा मला खास वऱ्हाडी शहाणपणा वाटतो. पुढे ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले आणि १९४३ साली गांधीजींच्या उपोषणाच्या वेळी तिथून राजीनामा देऊन बाहेर पडले. स्वातंत्र्यानंतर बिहारचे राज्यपाल झाले. उतारवयात त्यांनी लोकमान्यांवर 'तिलकयशोऽर्णव' हे संस्कृत महाकाव्य लिहिले. १९६८ साली ते गेले, आणि १९७३ साली त्या काव्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पुढे राम शेवाळकरांसारखा वक्ता इथल्या लोकमान्य टिळक महाविद्यालयाचा प्राचार्य म्हणून वर्षानुवर्षे या गावात राहिला. त्यांचे व्याख्यान असले की पानठेल्यांवर शुकशुकाट असायचा. तालुक्याच्या गावाला शुद्ध बोलण्याचा कान आला तो असा.

माझ्या स्वतःच्या वणीत मात्र महाकाव्य नव्हते, बैल होते. रंगनाथस्वामींच्या यात्रेत जत्रा मैदानावर जनावरांचा बाजार भरे. उपरण्याखाली हात झाकून बोटांनी भाव चालायचे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटे, दोन माणसे नुसती हातात हात घेऊन हसत उभी आहेत. पोळ्याला बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून शेकायचे, तोरणाखाली झडत्या म्हणायच्या. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला आम्ही लाकडी बैलांच्या दोऱ्या ओढीत घरोघर बोजारा मागत फिरायचो. दिवाळीच्या पाडव्याला गोवाऱ्यांची ढाल निघायची, डफाच्या तालावर गाईंमागून सारे गाव चालायचे. आणि दिवाळीची आमची दुसरी खूण म्हणजे कापूस. घराच्या एका खोलीत छतापर्यंत पांढरा ढीग. रात्री त्यावर उड्या मारण्याबद्दल मार खाल्लेला नाही, असा माझ्या वयाचा वणीकर विरळा. तो ढीग विकला गेला की मगच कपडे, फटाके आणि सावकार. पुढे त्याच पांढऱ्या ढिगाने आमच्या जिल्ह्यातली कितीतरी घरे काळोखात लोटली. सणाच्या अंकात ते विस्ताराने लिहीत नाही. पण यवतमाळचे नाव वर्तमानपत्रात आले की आमचा हात अजूनही पान उलटताना अडखळतो.

माझे आजोळ वणीपासून चार कोसांवर होते. 'होते' असेच म्हणावे लागते, कारण आता तिथे जमीनच नाही. १९७३ साली देशातील कोळशाच्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर आमच्या भागात उघड्या खाणी वाढत गेल्या. उघडी खाण म्हणजे विहिरीसारखी नव्हे. वरची माती, मुरूम, कातळ सगळे सोलून बाजूला टाकायचे आणि खालचा कोळसा उघडा करायचा. एक दिवस आजोळच्या गावाला नोटिसा आल्या. मोजणीदार आले. घराची किंमत ठरली, विहिरीची ठरली, आंब्याच्या एकेका झाडाची ठरली. मामा जुने, कमी बोलणारे. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "साहेब, अन् पाराचं काय लिहिलं जी?" कागदावर पाराचा रकाना नव्हता.

आईचेही नाव सातबाऱ्यावर होते, तेव्हा तिची सही हवी होती. मामा कागद घेऊन वणीला आले. आमच्याकडे भाच्याचा मान मोठा. एरवी मामा आले की माझ्या पायांना हात लावायचे आणि मी अवघडून जायचो. त्या दिवशी मात्र ते विसरले. ओट्यावर बसून पाणी प्याले, आणि पिशवीतून कागद काढले. आईने विचारले, "दादा, एवढं काय सापडलं रे आपल्या वावरात?" मामा म्हणाले, "कोयसा."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग एकदम हसली. म्हणाली, "म्हणजे आमी जलमभर कोयशावर निजलो, अन् चुलीसाठी गवऱ्या थापत बसलो!"

मामाही हसले. दोघे भाऊबहीण डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. त्या पाण्यातले किती हसण्याचे होते, हे मी त्यांना कधी विचारले नाही. मग आईने सही केली. पैशातला आपला वाटा तिने घेतला नाही; तिने घरातले जाते मागून घेतले. ते आजही आमच्या मागच्या अंगणात आहे.

हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. शेताच्या बदल्यात माझ्या मामेभावाला खाणीत नोकरी लागली. पाऊस पडो न पडो, महिन्याच्या महिन्याला पगार. त्याची मुले शिकली, एक इंजिनियर झाला. शेतावर राहिला असता तर काय झाले असते, हे या जिल्ह्यात कोणी कोणाला सांगायची गरज नाही. आणि हा लेख मी ज्या दिव्याखाली लिहितो आहे, त्याची वीजही अशाच कोणाच्या तरी वावराखालून आलेली आहे. पण मामेभावाच्या घरी भिंतीवर कोळशाच्या धुळीची पातळ काजळी बसते, ती मामी रोज पुसायची. आणि रस्त्याने ट्रकांची रांग लागली की नव्या घराची भांडी मांडणीवर किणकिणतात. दोन्ही खरे आहे. एकाने दुसरे खोटे ठरत नाही.

गाव उठले तेव्हा सगळ्यांनी मिळून मारुतीची मूर्ती नव्या वस्तीत नेली. बैलगाडीतून नेली, ट्रकमधून नको म्हणाले. नव्या गावात रस्ते सरळ, घरे ओळीत. प्रत्येकाचा शेजारी बदललेला. पहिली काही वर्षे म्हातारी माणसे संध्याकाळी घरातून निघायची आणि कोणत्या दिशेला वळावे ते न कळून दारातच उभी राहायची. पारावर जायची सवय होती, आणि पार मागे राहिला होता. मग कोणीतरी मारुतीपुढे पिंपळाची फांदी लावली. ती जगली. आता तिच्याभोवती सिमेंटचा ओटा आहे, आणि ओट्यावर माणसे बसलेली असतात. बोलणे तेच: पाऊस, पऱ्हाटी, कोणाच्या पोरीचे कुठे ठरले. पाराला सरकारी रकाना नसतो, म्हणूनच तो माणसांना पुन्हा उभा करता येतो, असे मला वाटू लागले आहे.

यंदा दिवाळीला मुलगी घरी येणार आहे. तिला मी काय काय दाखवायचे ते ठरवून ठेवले आहे. शिबल्याचे दगडी खांब दाखवीन. राजूरच्या चुन्याच्या भट्ट्या दाखवीन. जैताईला नेईन. कार्तिकात वढ्याच्या संगमावर दोन नद्यांचे पाणी कसे थोडा वेळ वेगवेगळे वाहते आणि मग कोणते कोणाचे ते कळेनासे होते, ते तिला काठावर बसून पाहू दे. आणि आजोळी नेईन, नव्या आजोळी.

मागच्या महिन्यात तिथे गेलो होतो. खाणीतून उपसलेल्या मातीचे ढीग आता गावाच्या पूर्वेला उभे आहेत. सपाट मुलखात मी वाढलो. क्षितिजापर्यंत पऱ्हाटी आणि तुरी, एवढेच त्या दिशेला असायचे. आता तिथे डोंगराची रांग आहे. तिच्यावर गवत आले आहे, बाभळी आल्या आहेत, शेळ्या चढतात. पाऊस नुकताच उघडला होता आणि उतार हिरवेगार दिसत होते. मामेभावाचा सहा-सात वर्षांचा नातू माझे बोट धरून चालला होता. मी त्याला सहज विचारले, "काय रे, हे काय आहे?"

एवढ्या मोठ्या माणसाला एवढे साधे कसे कळत नाही, अशा नजरेने त्याने माझ्याकडे पाहिले.

"आबाजी," तो म्हणाला, "तो आपल्या गावचा डोंगर हाय ना!"